जिप्सम बोर्डावरच्या ‘स्टको’ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न (सांगली)

मंडळी, विश्रामबागेत बहिणीच्या हॉलची एक भिंत जिप्सम बोर्डाची, म्हणजे दोन्ही बाजूंनी कागद चढवलेल्या जिप्समच्या फळ्यांची, केली आहे. तिला त्यावर ‘स्टको लुक’, म्हणजे मुद्दाम उठाव ठेवलेल्या खडबडीत गिलाव्याचा भास, हवा होता. मी गवंड्याला फोनवर सांगितलं, “गिलाव्यासारखं करा.” दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर घमेल्यात सिमेंट-वाळू कालवलेली आणि हातभर पट्टा थापीनं मारूनही झालेला. संध्याकाळपर्यंत बोर्डाचा कागद फुगला आणि तो माल कागदासकट सोलून खाली आला. गवंड्याचा यात काहीच दोष नाही. गिलावा म्हटल्यावर त्यानं गिलावा केला.

म्हणून विचारतो, या कामाला नेमका शब्द कोणता? ‘टेक्श्चर’ म्हटलं की पेंटर टेक्श्चर पेंटचा डबा घेऊन येतो.

प्रतिसाद (सातारा)

‘गिलावा’ फारसीतून आलेला. ‘गिल’ म्हणजे चिखलमाती, त्यामुळे भिंतीवर चढवलेला माल हा अर्थ त्याच्या मुळातच आहे. ‘स्टको’ इटालियन, पण त्याचंही मूळ एका जुन्या जर्मानिक शब्दात, अर्थ कवच किंवा तुकडा. म्हणजे दोन्ही शब्द मालाचे, दिसण्याचे नव्हेत. स्टकोचा माल म्हणजे आधी चुना, वाळू आणि पाणी, पुढे पोर्टलंड सिमेंट. अमेरिकेत बऱ्याच घरांना बाहेरून खरा स्टको असतो आणि आतून जिप्समचा बोर्ड. आतल्या भिंतीवर करतात तो त्याचा नुसता भास. तुमचा शब्द त्या भासाला हवा आहे.

आणखी एक. आपल्याकडे भिंतीचं कौतुक व्हायचं ते घोटलेपणाचं. मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं पाहा, तशा चित्रकामाला सपाट, घोटलेली भिंतच लागते. ‘खडबडीत’ म्हटलं की मराठी कानाला काम अर्धवट राहिलं असं वाटतं. मुद्दाम, कौतुकानं खडबडीत ठेवलेल्या भिंतीला आपण शब्दच दिला नाही.

प्रतिसाद (तासगाव)

‘पोत’ आहे की! कापडाचा पोत म्हणतोच. मात्र आमच्या द्राक्षपट्ट्यात ‘जमिनीचा पोत’ म्हणजे मातीचं अंग, वरची साल नव्हे. पोत बिघडला म्हणजे जमीन आतून बिघडली. भिंतीला वापरताना हा अर्थ आडवा येईल का, बघा. लिंगही सांभाळा. तो पोत कापडाचा आणि जमिनीचा, देवीच्या गोंधळात पेटवतात तोही पोतच. ती पोत मात्र गळ्यातली, काळ्या मण्यांची.

नुसत्या दाणेदार भिंतीला मी ‘रवाळ’ म्हणेन. कणीदार तुपाला म्हणतो तसं. बोट फिरवल्यावर जे लागतं तेच त्या शब्दात आहे.

मूळ प्रश्नकर्ता

‘रवाळ’ फार आवडला, पण तो बारीक दाण्याला शोभतो. आमच्या भिंतीवर दाणे नाहीत, चपट्या झालेल्या चकत्या आहेत. काम डोळ्यांदेखत पाहिलं, म्हणून सांगतो. आधी बोर्डांच्या सांध्यांवर जाळीची पट्टी चिकटवून सांधे भरले, मग प्रायमर. त्यावर जॉइंट कंपाउंड (बोर्डांचे सांधे भरायची तयार लुकणी), पाणी घालून इडलीच्या पिठापेक्षा जरा दाट केलेलं, जाड रोलरनं असं लावलं की बारीक बारीक शेंडे उभे राहिले. मग दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. ओली चमक उतरली की रुंद पत्ती जवळजवळ आडवी धरून हलक्या हातानं फिरवायची. शेंडे बसतात, कडा राहतात. घाई केली तर सगळं फासलं जातं, उशीर केला तर शेंडे मोडून पडतात. पूर्ण सुकायला एक दिवस धरा, आपल्या पावसाळ्यात त्याहून जास्त. रंगाआधी पुन्हा प्रायमर मारायचा, नाहीतर कंपाउंड रंग पिऊन टाकतं आणि भिंतीवर डाग उठतात.

(सांगलीच्या गावभागात तळमजल्यावर हे करायचा विचार असेल तर कृपा करून थांबा. ऑगस्ट २०१९ च्या पुराचं पाणी आपण पाहिलं आहे. पुरात भिजलेला साधा जिप्सम बोर्ड पुन्हा घट्ट होत नाही, काढूनच टाकावा लागतो.)

या सगळ्या कामात खरी क्रिया एकच, उभं केलेलं थापून बसवणं. म्हणून माझा शब्द ‘थापीव पोत’. थापीव वडी म्हणतोच, गवंड्याच्या हातातली थापीही त्याच धातूची. समोर ‘घोटीव’ ठेवला की जोडी जमते: घोटीव भिंत गुळगुळीत, थापीव भिंत उठावाची. गिलावा हा शब्द खऱ्या मालासाठीच राहू द्या, तो असा भासासाठी वापरला तर उद्या गिलाव्याला काय म्हणणार?

प्रतिसाद (सातारा)

‘थापीव’ पटला. ‘पोत’बद्दल तासगावच्या दादांची शंका रास्त आहे, पण कापडाच्या अर्थानं चालून जाईल. साइटवर हा शब्द टिकतो का, तेवढं सांगा.

मूळ प्रश्नकर्ता

उरलेल्या भिंतीच्या वेळी त्याच गवंड्याला म्हटलं, “मामा, थापीव पोत हवा. कंपाउंडमध्ये, सिमेंट अजिबात नको.” त्यांनी क्षणभर भिंतीकडे पाहिलं, तळहात हवेत दोनदा हलकेच दाबला आणि विचारलं, “भाकरीगत न्हवं, वडीगत. व्हय ना?”