क्रॉचेटला ‘मात्रा’ म्हणावं का?

प्रश्न : पाश्चात्त्य स्वरलिपीत स्वराची लांबी दाखवायला क्रॉचेट, मिनिम, क्वेव्हर अशी चिन्हं असतात. त्यांतल्या क्रॉचेटसाठी मराठीत ‘एक मात्रा’ असं लिहिलेलं बरेचदा दिसतं. मिनिम दोन मात्रा, क्वेव्हर अर्धी. हे बरोबर आहे का?

उत्तर : सुरुवातीला शिकवताना चालेल, पण पुढे अडतं. सुरुवातीला 4/4 असं तालचिन्ह असेल तर क्रॉचेट एक मात्रा धरता येते, कारण खालचा 4 (सेमिब्रीव्ह या पूर्ण स्वराचा चौथा भाग, म्हणजे क्रॉचेट) तेच सांगतो. 2/2 मध्ये ठोका मिनिमवर पडतो, मग क्रॉचेट अर्ध्या मात्रेची होते. चिन्ह तेच, मात्रा वेगळी.

या चिन्हांतून फक्त आपसातलं प्रमाण कळतं. सेमिब्रीव्हमध्ये दोन मिनिम, मिनिममध्ये दोन क्रॉचेट, क्रॉचेटमध्ये दोन क्वेव्हर. पुढे ठिपका दिला की स्वर निम्म्याने वाढतो. प्रत्यक्षात तो किती वेळ धरायचा हे लयीवर ठरतं. मिनिटाला 60 क्रॉचेट असतील तर एक क्रॉचेट एक सेकंदाची, 120 असतील तर अर्ध्या सेकंदाची. म्हणून चिन्हाच्या लांबीला मी ‘कालमूल्य’ म्हणेन आणि ‘मात्रा’ हा शब्द ठोक्यासाठीच राखेन.

प्रश्न : मग 3/4 आणि 6/8 मध्ये फरक काय? दोन्हींत सहा क्वेव्हरच मावतात.

उत्तर : बेरीज सारखी, वजन वेगळं. 3/4 मध्ये दोन-दोनचे तीन गट, 6/8 मध्ये तीन-तीनचे दोन. दादरा ताल हातावर धरणाऱ्याला 6/8 लगेच उमगतो : धा धी ना, धा ती ना. इथे मात्रा कशाला म्हणायचं हा प्रश्न खरा अवघड आहे. दादऱ्यात आपण सहा मात्रा मोजतो. 6/8 मध्ये, विशेषतः जलद लयीत, दोनच मोठे ठोके मोजतात आणि प्रत्येक ठोका ठिपक्याच्या क्रॉचेटचा असतो. भाषांतरात ‘सहा मात्रा, दोन ठोके’ असं स्पष्ट लिहावं.

आणखी एक मत : हिंदुस्तानी संगीताच्या भातखंडे स्वरलिपी पद्धतीत स्वराच्या आकारावरून काळ कळत नाही, जागेवरून कळतो. मात्रेच्या घरात एकटा ‘सा’ असेल तर तो पूर्ण मात्रेचा. ‘सारे’ (सा आणि रे) यांच्याखाली कंस असेल तर दोघं अर्धे-अर्धे. स्वर लांबला की पुढे आडवी रेघ, आणि त्याखालच्या शब्दांत अवग्रह (ऽ). पलुसकर स्वरलिपी पद्धतीत मात्र प्रत्येक स्वराखाली काळाचं स्वतंत्र चिन्ह येतं, त्यामुळे ‘कालमूल्य’ हा शब्द तिथेही चपखल बसतो.