हायाबुसाचे ब्रेक: नेमके काय बदलावे?

डोंगरवाट (पुणे) यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे 2011 सालची, म्हणजे दुसऱ्या पिढीची, 1340 सीसीची सुझुकी हायाबुसा मोटरसायकल आहे. दोन वर्षांपूर्वी ती वापरलेली घेतली. एबीएस नाही. पुढे 310 मिलिमीटरच्या दोन डिस्क आणि त्यांच्यावर पॅड दाबणारे चार पिस्टनचे रेडियल कॅलिपर कंपनीतून आले तसेच आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला प्रवेश नाही, आणि असता तरी तिथे असला वेग धरण्याची माझी इच्छा नाही, म्हणून ही गाडी मी वर्षातून एक-दोनदा ट्रॅकवरच मोकळी सोडतो.

गेल्या हिवाळ्यात श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर पाचव्या फेरीत सरळ पट्टा संपताना पुढच्या ब्रेकची लिव्हर ओढली, तर ती थेट मुठीला येऊन टेकली. भराभर दोन-तीनदा पंप केल्यावर थोडाफार ब्रेक लागला, पण तोवर वळण हुकले होते आणि मी कडेच्या मातीत जाऊन थांबलो. पडलो नाही एवढेच. पिटमध्ये गाडी वीसेक मिनिटे उभी राहिल्यावर लिव्हर पुन्हा पूर्वीसारखी कडक झाली, जणू काही घडलेच नव्हते.

माझी गाडी नेहमी पाहणाऱ्या गॅरेजचे म्हणणे असे की, या वजनाला आणि वेगाला मूळचे ब्रेकच लहान पडतात. त्यांनी 330 च्या डिस्क, मोनोब्लॉक (एकसंध धातूचे) कॅलिपर आणि नवा मास्टर सिलिंडर (लिव्हरच्या जोराने ब्रेक ऑइल दाबणारा भाग) असा खर्च काढून दिला आहे आणि तो माझ्या आवाक्याबाहेर नसला तरी झोंबणारा आहे. पुढच्या खेपेस ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर जायचे आहे. तिथला सुमारे एक किलोमीटरचा सरळ पट्टा पाहता माझी गाडी 250 च्या पुढे सहज जाईल. खर्च करायचाच झाला तर सुरुवात कुठून करावी?

जुना फिटर (चिंचवड)

तुमच्या प्रश्नातच त्याचे निम्मे उत्तर आहे. लिव्हर मुठीला टेकली आणि गाडी थंड झाल्यावर आपोआप कडक झाली, हे ब्रेक ऑइल उकळल्याचे लक्षण आहे. पॅडने दगा दिला असता तर लिव्हर हाताला दगडासारखी लागली असती आणि तरीही गाडी थांबली नसती. हे दोन आजार वेगळे आहेत. औषधेही वेगळी आहेत, आणि दुर्दैवाने दोन्हींवर एकच महागडा उपाय सुचवण्याची पद्धत पडली आहे.

आधी उष्णतेचा हिशेब पाहू. तुमची गाडी 260 किलोची, तुम्ही हेल्मेट आणि सूट धरून 85 किलोचे, असे मानू. ताशी 250 वरून 80 वर येताना या वजनातली सुमारे साडेसात लाख ज्यूल ऊर्जा कमी व्हावी लागते. यातला काही वाटा हवेचा विरोध, इंजिन आणि मागचा ब्रेक उचलतात, पण मोठा हिस्सा पुढच्या दोन डिस्कवरच पडतो. घरगुती भाषेत सांगायचे, तर जवळपास सव्वादोन लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी ही उष्णता आहे, आणि ती पाच-सहा सेकंदांत, दोन-अडीच किलो पोलादात ओतली जाते. पोलाद तीनशे अंशांनी सहज चढते. पुढचे वळण येईपर्यंत ते वाऱ्याने थोडे निवते, पण पूर्ण नाही. म्हणून पहिल्या फेरीत काही जाणवत नाही आणि पाचव्या फेरीत लिव्हर मुठीला येते.

आता ऑइलकडे या. डॉट 4 प्रतीचे ऑइल नवे असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळू नये, असा नियम आहे, पण ते हवेतली ओल शोषते. त्यात 3.7 टक्के पाणी मुरल्यानंतर हीच किमान मर्यादा 155 अंशांवर येते. डॉट 5.1 साठी हे आकडे 260 आणि 180 असे आहेत. आपल्याकडचा पावसाळा, त्यात महिनोन्महिने उभी राहणारी गाडी, आणि ओल आत येऊ देणारे रबरी होज पाइप! ऑइल उकळले की कॅलिपरमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, आणि तुमच्या बोटांचा सगळा जोर ती वाफ दाबण्यातच खर्च होतो. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा द्रव होते, म्हणून पिटमध्ये सगळे ठीक दिसते.

तेव्हा उद्या सकाळी मास्टर सिलिंडरच्या टाकीचे झाकण उघडून रंग पाहा. ताजे ऑइल फिकट मधासारखे असते. उकळलेल्या चहासारखे दिसले, तर गॅरेजचा कागद तूर्त बाजूला ठेवा. एक इशारा मात्र देतो: नाव सारखे दिसते म्हणून डॉट 5 घालू नका. ते सिलिकॉनचे असते आणि तुमच्या गाडीतल्या ऑइलमध्ये मिसळत नाही.

तिसरा कॉर्नर

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, फक्त पॅडबद्दल भर घालतो. रस्त्यावर चालणारे सिंटर्ड (धातूची पूड दाबून, तापवून केलेले) पॅड आणि निव्वळ ट्रॅकचे पॅड यांत मोठा फरक असतो. ट्रॅकचे पॅड गरम झाल्यावर उत्तम धरतात, पण थंड असताना त्यांचा विश्वास धरता येत नाही, त्यामुळे त्याच पॅडवर घरून दूध आणायला निघालात तर पहिल्याच सिग्नलला घाम फुटेल. वर्षातून दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्या माणसाने चांगल्या प्रतीचे सिंटर्ड पॅड घ्यावेत आणि ते नीट बसवून घ्यावेत. म्हणजे मध्यम वेगावरून पंधरा-वीस वेळा हळूहळू वाढत्या जोराने ब्रेक लावावा, पण गाडी पूर्ण थांबवून लिव्हर धरून ठेवू नये, नाहीतर गरम पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि पुढे हँडल थरथरते.

जुने पॅड काढाल तेव्हा ते हातात घेऊन कडेने पाहा. एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असतील, तर कॅलिपरमधला एखादा पिस्टन अडकतो आहे, आणि चार पिस्टनांचे काम तिघे करत आहेत. चौदा वर्षांच्या गाडीत हे अगदी नेहमीचे आहे. पिस्टन साफ करून सील बदलण्याचा खर्च नव्या कॅलिपरच्या तुलनेत नगण्य आहे.

रोटर

मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचा आहे. डिस्क मोठी करण्याला काहीच अर्थ नसता तर सुझुकीने 2021 च्या हायाबुसात 310 ऐवजी 320 च्या डिस्क आणि ब्रेम्बोचे स्टायलेमा कॅलिपर का दिले असते? आणि मग पैसे खर्चायचेच असतील तर थेट मोटोजीपी या जागतिक शर्यतीतल्यासारख्या कार्बन डिस्क का नकोत?

जुना फिटर (चिंचवड)

पहिला मुद्दा रास्त आहे. मोठी डिस्क उष्णता अधिक सामावते, आणि पॅड चाकाच्या मध्यापासून लांब गेल्यामुळे त्याच दाबाला ब्रेकचा जोर थोडा वाढतो. नव्याने गाडी आखताना हे करणे शहाणपणाचेच आहे. पण एकाच थांबण्यात अंतर किती लागेल, हे शेवटी टायरची पकड ठरवते. तुमचे आताचे ब्रेकही, ऑइल ताजे असेल तर, पुढचे टायर पकडीच्या शेवटापर्यंत नेऊ शकतात. कोरड्या, चांगल्या डांबरावर 0.9 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 0.9 पट) मंदन धरले तर ताशी 200 वरून थांबायला सुमारे 175 मीटर लागतात, आणि प्रतिक्रियेच्या एका सेकंदाचे 55 मीटर त्यात वेगळे धरावे लागतात. 330 ची डिस्क या आकड्यांत पहिल्या फेरीला काहीही कमी करणार नाही. दहाव्या फेरीला करेल. शिवाय 330 ची डिस्क लावायची तर कॅलिपर 10 मिलिमीटर बाहेर सरकवावा लागतो, त्यासाठी स्पेसर आणि लांब बोल्ट आले, आणि त्या बोल्टवर तुमचा जीव टांगलेला असतो.

कार्बनचे उत्तर सोपे आहे. तो दोनशे-अडीचशे अंशांखाली नीट धरतच नाही. बुद्धच्या पहिल्या वळणावर थंड कार्बन घेऊन जाण्यापेक्षा पायी गेलेले बरे. आणि अव्वल दर्जाच्या ब्रेकनाही उष्णता सोडत नाही: ऑगस्ट 2020 मध्ये ऑस्ट्रियातील मोटोजीपी शर्यतीत ब्रेक निकामी झाल्यावर स्पर्धक माव्हेरिक विन्यालेस यांनी ताशी दोनशेहून अधिक वेगात धावत्या यामाहावरून उडी घेतली होती. मोटरसायकल हवेच्या कुशनसारख्या अडथळ्यावर आदळून पेटली. ते बचावले.

डोंगरवाट (पुणे)

सर्वांचे आभार. झाकण उघडून पाहिले. ऑइल चहाच काय, काढ्यासारखे होते. गंमत म्हणजे गेल्या सर्व्हिसिंगच्या बिलात "ब्रेक ऑइल बदलले" अशी ओळ आणि तिचे पैसे दोन्ही आहेत. गॅरेजवाल्यांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "मुलाने वरून टाकी भरली असेल." म्हणजे जुन्यातच थोडे नवे ओतले गेले.

रविवारी एका मित्राबरोबर स्वतः काम केले. जुने ऑइल पूर्ण काढून डॉट 5.1 भरले, रबरी पाइप काढून स्टीलच्या जाळीचे पाइप लावले, आणि कॅलिपरवरच्या निपलमधून हवा काढायला अख्खी दुपार घालवली. उजव्या कॅलिपरमधला खालचा पिस्टन खरोखरच अडकत होता आणि त्या बाजूचे पॅड तिरके झिजले होते. डिस्क मोजल्या, त्यांच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा त्या अजून जाड आहेत, म्हणून राहू दिल्या. नवे सिंटर्ड पॅड मागवले आहेत.

एक शंका राहिली. सरळ पट्ट्यावर हँडल हलल्यानंतर पहिल्यांदा लिव्हर जरा खोल जाते, दुसऱ्यांदा ठीक होते. ऑइल बदलल्यावरही हे आहे.

तिसरा कॉर्नर

हा ऑइलचा दोष नाही. हँडल हलताना डिस्क पॅडना आत ढकलते, पिस्टन मागे सरकतात आणि ती पोकळी भरून काढण्यात पहिली ओढ जाते. आधी पुढच्या चाकाचे बेअरिंग तपासा: चाक जमिनीवरून उचला, वरच्या आणि खालच्या कडेला धरून हलवा, खेळ जाणवला तर बदला. डिस्कला तिच्या मधल्या भागाशी किंचित सैल जोडणाऱ्या बॉबिन घट्ट झाल्या आहेत का, तेही पाहा. हे सगळे ठीक असेल तर सरळ पट्ट्याच्या शेवटी, ब्रेकच्या खुणेच्या थोडे आधी, एका बोटाने लिव्हर हलकेच एकदा स्पर्शून घ्या. ट्रॅकवर मी स्वतः प्रत्येक फेरीत असेच करतो.