जुनं खिशातलं पिस्तूल : किती जुनं, किती दुर्मिळ आणि घरात ठेवायचं कसं?

पंचवटीकर_७

मंडळी, घरच्या वाड्यातल्या कडीपाटाच्या माळ्यावरून एक छोटं पिस्तूल निघालं आहे. एकूण लांबी साधारण 15 सेंमी. बाहेर चाप दिसत नाही. नळीच्या टोकाला आतून चार खाचा आहेत. मूठ गोलसर, लाकडी, जाळीदार नक्षीची. पेटीसारख्या भागाच्या बाजूला इंग्रजीत लंडन कोरलंय. खालच्या बाजूला मुकुट आणि त्याखाली फुलीसारख्या दोन काठ्यांचा ठसा आहे. घोडा मधोमध, पुढे छोटं बोंडूक. सगळ्यावर तपकिरी थर, दोन ठिकाणी लाल गंज.

प्रश्न तीन. हे सुरुवातीच्या काळातलं, म्हणजे खरंच दुर्मिळ आहे का? साफ कसं करायचं? आणि ठेवता येतं का? जुन्या बाजारात एक जण असंच दुसरं "टिपूच्या काळातलं" म्हणून दाखवतोय, जोडी होईल म्हणतो. घ्यावं का?

सातपूर_टर्नर

ओळख पटवण्याआधी एक काम. ते भरलेलं आहे का, ते बघा. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेट घेते. घोड्याला हात लावू नका, मागे ओढू नका, दाबू नका. बाजूने बघा, बोंडकावर (निपलवर) तांब्याची टोपी, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देऊन दारू पेटवणारी, बसलेली दिसते का? दिसली तर तिथेच थांबा. नसली तर नळीचं तोंड भिंतीकडे, आपण बाजूला, आणि लाकडी काडी नळीत अलगद सोडा. तोंडाशी खूण करा, काडी बाहेर काढून नळीच्या बाहेरून धरा. काडीचं टोक निपलच्या अलीकडे सेंमीभर थांबत असेल तर आत काहीतरी आहे. लोखंडी सळई नको.

आता ओळख. चार खाचा असलेली ही नळी आट्यांची असते. खाचांत किल्ली घालून नळी फिरवून काढायची, मागच्या खोलीत दारू, तिच्या तोंडाशी गोळी, मग नळी परत आवळायची. गोळी नळीच्या भोकापेक्षा किंचित मोठी असते, म्हणून ती घट्ट बसून निघते. ठासणीच्या बंदुकीसारखा गज लागत नाही. चाप घोडा ओढल्यावर खाली उतरतो, एरवी पोटात दडलेला. खिशात अडकू नये म्हणून.

मुकुटाखाली फुलीसारखे राजदंड आणि कोनांत बी, सी, पी अशी अक्षरं असतील तर तो बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा, म्हणजे नळ्या तपासून ठसा मारणाऱ्या संस्थेचा ठसा. ते 1813 च्या कायद्याने सुरू झालं, म्हणजे नळी त्याआधीची नाही. लंडनच्या गनमेकर्स कंपनीचा ठसा वेगळा : मुकुटाखाली गुंफलेली जी-पी आणि दुसरा मुकुटाखाली व्ही. बर्मिंगहॅमवाले लंडन हे नाव बिनधास्त कोरत, गिऱ्हाइकाला तेच हवं असे. लंडन वाचून भाव वाढवू नका. लंबगोलात ई-एल-जी असेल तर माल बेल्जियमच्या लिएजचा. त्यावर मुकुट असेल तर 1893 किंवा नंतरचा.

गोल जाळीदार मूठ, दडलेला चाप, टोपीचा निपल : तिन्ही मिळून 1830 ते 1850 चा काळ सांगतात. चांगली वस्तू आहे, पण या प्रकारातली सर्वांत जास्त मिळणारी. सुरुवातीचं म्हणावं ते अठराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातलं, तोफेच्या आकाराच्या नळीचं चकमकीचं (टोपीऐवजी गारगोटीच्या ठिणगीवर चालणारं) पिस्तूल, ज्याला क्वीन ॲन म्हणतात. त्याची नळी कडीकडीने निमुळती होत जाते, मुठीच्या टोकाला बरेचदा चांदीचा मुखवटा. चांदीवर हॉलमार्क असला तर त्यातल्या तारखेच्या अक्षरावरून वर्षच कळतं. ठशांवरून फक्त काळ कळतो.

गोदाकाठ

टर्नरभाऊंनी सांगितलं त्यात एक भर. चकमकीचं पिस्तूल नंतर टोपीचं करून घ्यायची तेव्हा रीत होती. तुमच्या पिस्तुलाच्या पेटीच्या वरच्या पृष्ठभागावर बुजवलेलं भोक, निकामी खाच किंवा कापलेल्या वाटीचा (तिच्यात पेटवायची दारू ठेवत) उंचवटा दिसतो का ते आडव्या उजेडात बघा. घोड्यावरची वेलबुट्टी पेटीवरच्या वेलबुट्टीशी जुळत नसेल तर घोडा नंतरचा. बदललेलं पिस्तूल मुळात जास्त जुनं असतं, पण संग्राहक त्याला कमी मोजतात.

"जोडी" प्रकरण : ही पिस्तुलं खरंच जोडीने विकली जात, पण जोडी म्हणजे सारखी दिसणारी दोन नव्हेत. नळीच्या आणि पेटीच्या सांध्यावर खाली छोटे आकडे किंवा टिंबं असतात, नळ्या एकमेकांत बदलू नयेत म्हणून. ते जुळले पाहिजेत, ठसे एकाच घराचे, वेलबुट्टीचा हात एकच. बाजारातल्या माणसाने आधी ते दाखवावं. टिपू 1799 मध्ये गेला, तेव्हा टोपी निघालीच नव्हती. बाजारवाल्याचं पिस्तूल तुमच्यासारखं "असंच" टोपीचं असेल तर गोष्ट तिथेच संपली.

खोटेपणा पकडायचा माझा आवडता मार्ग म्हणजे दहापट भिंग. गंजाचे खड्डे आणि कोरलेली अक्षरं एकत्र कुठे येतात ते शोधा. अक्षर आधी, गंज नंतर, तर खड्डा अक्षराची कड खाऊन टाकतो. अक्षर नंतर कोरलेलं असेल तर त्याची रेघ खड्ड्याच्या तळातूनही कडक, चकचकीत जाते. ॲसिडने म्हातारी केलेली नक्कल सगळीकडे एकसारखी तपकिरी असते. हात लागणाऱ्या कडा गुळगुळीत आणि खोबणी काळ्या असा फरक तिच्यात नसतो. ओतीव नकलेत लोखंडात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात, प्रूफचा ठसा नसतो किंवा पसरट असतो.

अमेरिकन काही दाखवलं तर : कोल्ट कंपनीच्या 1849 च्या पॉकेट मॉडेल रिव्हॉल्व्हरचे तीन लाखांहून अधिक नग निघाले. त्याच्या आधीचं 1848 चं बेबी ड्रॅगून सुमारे 15,000, आणि त्यातल्या बहुतेकांना नळीखाली गोळी दाबायचा दांडाच नाही. म्हणून 1849 चा दांडा काढून त्याला बेबी म्हणून विकतात. नंबर नळी, सांगाडा, चापाचं कडं आणि सिलेंडर या सगळ्यांवर जुळतात का ते बघा. फिलाडेल्फियाचा पिस्तूल-कारागीर हेन्री डेरिंजर, त्याच्या खिशातल्या पिस्तुलांची नक्कल तर त्याच्या हयातीतच सुरू झाली होती.

कागदपत्रं_आधी

कायद्याचं मी सांगतो, कारण "जुनं आहे, लायसन कशाला" हे वाक्य फार महागात पडतं.

शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 45 (क) मध्ये सूट आहे, पण ती जुनाट किंवा पुरातन मोलाच्या अशा शस्त्राला, जे दुरुस्त करूनही चालणार नाही. तुमचं निपल शाबूत असलेलं पिस्तूल त्यात आपोआप बसत नाही. 2020 च्या नियम-दुरुस्तीनंतर क्युरिओ (जुन्या, संग्रहाच्या वस्तू) गटातलं लहान शस्त्र भारतीय नागरिकाला नुसतं ठेवायला लायसन लागत नाही. वापरायला, बरोबर न्यायला आणि वाहतुकीला लागतं. तुमची वस्तू त्या गटात येते की नाही हे आपण घरबसल्या ठरवायचं नसतं. विनापरवाना बंदुकीला 2019 पासून किमान दोन, कमाल पाच वर्षं कैद आहे.

म्हणून पिशवीत घालून पोलीस ठाण्यात, सराफाकडे किंवा बंदूक दुरुस्तीवाल्याकडे नेऊ नका, ती वाहतूकच झाली. चारी बाजूंचे आणि ठशांचे फोटो, मापं, कुठे सापडलं, घर कोणाच्या नावावर, हे सगळं लिहून अर्ज करा. पंचवटी शहरात येते, म्हणजे पोलीस आयुक्तांकडे. तालुक्याच्या गावी असतं तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. अर्जाची पोच घ्या. जमा करायला सांगितलं तर पंचनाम्यात ठशांचं वर्णन नीट लिहून घ्या, नाहीतर परत मिळताना "एक जुने पिस्तूल" एवढंच उरतं. निकामी करून द्या म्हणाले तर लगेच हो म्हणू नका. नळीत वेल्डिंग झालं की संग्रहाचं मोल गेलं. वकिलामार्फत आधी क्युरिओ ठरवून मागा.

शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यातही येते. खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि पुरावशेषांचा धंदा करायला वेगळा परवाना लागतो. बाजारातल्या त्या गृहस्थांकडे तो आहे का, विचारा. बाहेरच्या लिलावात घेऊन कुरिअरने मागवायचा विचार असेल तर आयातीलाही परवाना लागतो.

कोणीतरी विचारणारच, म्हणून : नाशिकला 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलं ते ब्राउनिंग पिस्तूल, तसलं घरात सापडलं तर? 7.65 मिमीची, म्हणजे .32 ची गोळी आजही बनते. "शंभर वर्षं झाली" म्हणून हात वर करायची सोय तिथे नाही.

सातपूर_टर्नर

साफसफाई राहिली. चिंच-मीठ, भांडी घासायची पावडर, वायर ब्रश, बफिंग : सगळं बंद. तपकिरी थर हा गंज असला तरी स्थिर आहे, तो ठशाच्या कडा धरून ठेवतो. तो घासला की ठसाही पुसट होतो, आणि घासलेली चमक अर्ध्या मिनिटात ओळखू येते.

भरलेलं नाही हे नक्की झाल्यावरच फक्त लाल गंजावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब द्या, दिवसभर मुरू द्या, मग सर्वांत बारीक, चार शून्याच्या स्टील वूलने हलक्या हाताने. कापडावर लाल यायचं थांबलं की तुम्हीही थांबा. खोबरेल, तिळाचं तेल नको, चिकट थर धरतं. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. नळी फिरत नसेल तर पाइप पाना लावू नका, एकच दात घसरला तरी ओरखडा कायमचा. स्क्रू खोलायचा मोह नको. त्यांची खाच हाताने कापलेली, अरुंद असते, बाजारच्या पेचकसाचं टोक तिथे बसत नाही.

कातडी पाकिटात ठेवू नका, पावसाळ्यात चामडं ओल धरून बसतं. सुती कापड, डबा, सिलिका जेल, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला उघडून बघणं.

पंचवटीकर_७

निपलवर टोपी नाही. पेन्सिल घालून पाहिली. बाहेरून निपलपर्यंत 5.5 सेंमी, आत 4.3 सेंमीवर थांबली. म्हणजे भरलेलं?

सातपूर_टर्नर

पेन्सिल जाड पडते. दारूची खोली नळीपेक्षा अरुंद असते, तिच्या तोंडाशीच जाड काडी अडते आणि रिकामं पिस्तूलही भरलेलं वाटतं. तीन मिलिमीटरची बांबूची काडी घ्या, तसंच बाजूला उभं राहून, ठोकायचं नाही. तीही 4.3 वर थांबली आणि टेकताना मऊ, शिशासारखं लागलं, तर भरलेलं समजा. मग नळी फिरवायचा प्रयत्नही नको. तेल सोडून दारू मेली असं धरून चालू नका. तोंड भिंतीकडे करून कपाटात ठेवा, कुलूप लावा, आणि अर्जात पहिल्याच ओळीत लिहा : भरलेले असण्याची शक्यता, बॉम्बशोधक-नाशक पथकाकडून तपासून मिळावे.