एकाच राणीच्या दोन बखरी : चिनी दरबारी मालिका कशा पाहाव्यात?

शेवंती

रात्रीची जेवणे आटोपून ओटा पुसून झाला की मी तासभर चिनी दरबारी मालिका पाहते. या सवयीला आता चार वर्षे झाली असून घरच्यांची थट्टाही करून संपली आहे. या मालिका इतिहास म्हणून पाहू नयेत, असे जाणकार सांगतात आणि ते मला मान्य आहे. मात्र मग त्या कशा पाहाव्यात, हे कोणी सांगत नाही. माझे मत असे की त्या बखरीसारख्या पाहाव्यात. बखरकार ज्या घराण्याचे मीठ खातो त्याच्या बाजूने लिहितो, हे आपण गृहीत धरूनच बखर वाचतो आणि तरीही तिच्यातली भाषा, मानपान, रुसवेफुगवे यांचा आस्वाद घेतो. चिनी मालिकेचा लेखकही असाच एखाद्या राणीच्या पदरी असतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण २०१८ सालचे आहे. त्या वर्षी काही आठवड्यांच्या अंतराने दोन मोठ्या मालिका आल्या : ‘यान्शी प्रासादाची कथा’ (७० भाग) आणि ‘रुयी’ (८७ भाग). दोन्ही अठराव्या शतकातल्या, मांचू वंशाच्या छिंग राजघराण्यातल्या छियानलाँग सम्राटाच्या जनानखान्यात घडतात. इतिहासाला ठाऊक असलेली गोष्ट एवढीच आहे की १७६५ मध्ये दक्षिणेच्या दौऱ्यावर हांगझौ येथे असताना नारा कुळातल्या सम्राज्ञीचे आणि सम्राटाचे बिनसले, तिला तातडीने बीजिंगला परत पाठवण्यात आले आणि पुढच्याच वर्षी ती वारली. तिने स्वतःचे केस कापले, असे सम्राटाने पुढे सांगितले. मांचू रिवाजात स्त्रीने केस कापणे हे अतिशय जवळच्या माणसाच्या मृत्यूचे सुतक होते. त्यामुळे नवरा जिवंत असताना केलेले हे कृत्य म्हणजे त्याला मेलेला ठरवण्यासारखेच होते. तिने असे का केले, याचा उलगडा कागदपत्रांतून होत नाही.

या मोकळ्या जागेत दोन्ही मालिका शिरल्या. ‘यान्शी’मध्ये नारा राणी ही वरून शांत आणि आतून पाताळयंत्री स्त्री आहे, तर तिची प्रतिस्पर्धी, म्हणजे दासीपणातून वर चढलेली लिंग राणी, नायिका आहे. ‘रुयी’मध्ये नेमके उलट : नारा नायिका आणि लिंग खलनायिका. केस कापण्याचा प्रसंग दोन्हीकडे आहे. पहिल्या मालिकेत ती जन्मभराचा कडवटपणा ओकत केस कापते, तर दुसरीत ती एक बट कापून आपण दोघे तरुणपणी जे होतो त्यांचे हे सुतक आहे, असे नवऱ्याला सुनावते. दोन्ही प्रसंग पाहून मी दोन्ही वेळा रडले, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवते.

याशिवाय कारागिरीचा भाग वेगळाच. ‘यान्शी’तली पहिली सम्राज्ञी फुचा हिच्या केसांत सोन्यामोत्यांऐवजी रेशमाची फुले दिसतात. ती सोन्यामोत्यांचे दागिने वापरत नसे आणि कृत्रिम फुले माळत असे, ही नोंद छिंग काळाच्या इतिहासात आहे. मालिकेसाठी ही फुले नानजिंगच्या पारंपरिक पद्धतीने करवून घेतली : तांब्याच्या बारीक तारेच्या पिळात रेशमाचे तंतू धरायचे, कात्रीने कातरून त्यांना पाकळीचा आकार द्यायचा आणि मग पाकळी पाकळी जोडत जायची. आपल्याकडच्या मालिकांत पेशव्यांच्या घरची सून गळ्यात काय घालते ते पाहिले, की या निगुतीचे मोल कळते.

---

तळटीप

शेवंतीताई, धागा उत्तम आहे, परंतु मूळ मुद्द्याशी मी असहमत आहे. बखरीची उपमा या मालिकांना फार उदारपणे दिली गेली आहे. बखर कोणासाठी आणि कोणाच्या आज्ञेवरून लिहिली, हे बहुधा तिच्या पहिल्या पानावरच कळते. मालिकेत ते कळत नाही आणि तुम्ही ज्या कारागिरीचे कौतुक करता तीच ते कळू देत नाही. मांचू स्त्रिया एकेका कानात तीन तीन डूल घालत, हे ‘यान्शी’त बिनचूक दाखवले आहे. प्रेक्षक ते पाहतो, कुठेतरी वाचून खात्री करून घेतो आणि मग नकळत पुढचे सर्वच खरे मानू लागतो. भरतकाम बरोबर असल्यामुळे बदनामीही बरोबर असावी, असा हा व्यवहार आहे.

२०११ सालची, ७६ भागांची ‘झेन ह्वान’ घ्या. तिची मूळ कादंबरी एका काल्पनिक राजवटीत घडते. दिग्दर्शक झेंग शियाओलाँग यांनी ती उचलून योंगझेंग सम्राटाच्या, म्हणजे छियानलाँगच्या वडिलांच्या, खऱ्या काळात आणली, म्हणजे काल्पनिक माणसांना खऱ्या लोकांची नावे आणि कपडे मिळाले. त्यात सेनापती न्येन कंगयाओ याची बहीण असलेल्या राणीला मूल होऊ नये म्हणून सम्राट तिला कस्तुरी मिसळलेला धूप भेट देतो आणि ती बिचारी मोठ्या अभिमानाने वर्षानुवर्षे तो जाळत राहते. प्रसंग म्हणून हे विलक्षण आहे. खऱ्या न्येन राणीला मात्र योंगझेंगपासून तीन मुलगे आणि एक मुलगी झाली होती. मुले लहानपणीच गेली आणि ती स्वतः १७२५ च्या अखेरीस, भावाला आत्महत्येचा हुकूम सुटण्याच्या थोडे आधी वारली. चार मुलांना जन्म देऊन त्यांतल्या तिघांचे मृत्यू सोसणाऱ्या बाईला आज कोट्यवधी लोक वांझ आणि उर्मट म्हणून ओळखतात.

आणि कपड्यांच्याच बाबतीत बोलायचे, तर त्याच मालिकेत राण्यांच्या डोक्यावर जो रुंद, पंख्यासारखा पसरलेला केशसंभार दिसतो तो छिंग राजवटीच्या अखेरच्या काळातला आहे, म्हणजे योंगझेंगनंतर शंभराहून अधिक वर्षांनी आलेला.

---

द्विभाषी

मी पुण्यात काही वर्षे चिनी भाषा शिकवली आहे, त्यामुळे माझी तक्रार दोघांपेक्षा वेगळी आहे. आपण जी मालिका पाहतो ती मुळात निम्मीच आपल्यापर्यंत पोहोचते, कारण आपण इंग्रजी सबटायटल वाचत असतो.

या मालिकांत ‘मी’ या शब्दाला दरबारात जागा नाही. सम्राट स्वतःला ‘झेन’ म्हणतो, जो शब्द त्याच्याखेरीज कोणी उच्चारायचा नसतो. राणी त्याच्यासमोर स्वतःला ‘छेनछिए’, म्हणजे आपली दासी, म्हणते. तीच राणी खालच्या माणसांशी बोलताना ‘बनगोंग’ होते, म्हणजे ‘या महालाची स्वामिनी’. चाकर स्वतःला ‘नूत्साय’ म्हणतो आणि दासी ‘नूबी’. इंग्रजीत या बहुतेकांचा एकच ‘आय’ होतो. त्यामुळे एखादी राणी भांडणाच्या भरात ‘छेनछिए’ सोडून साधे ‘मी’ म्हणते तेव्हा खोलीतली हवा बदलते आणि आपण मात्र पुढची ओळ वाचत असतो. ‘झेन ह्वान’मधली सम्राज्ञी शेवटच्या भेटीत सम्राटाला म्हणते, की तुमचा द्वेष करावा असे फार वाटले, पण या दासीला ते जमले नाही. तिचे सर्वस्व गेलेले आहे, तरी तोंडातून ‘दासी’ सुटत नाही, हाच त्या वाक्याचा प्राण आहे.

हे मराठीत सहज आणता येईल. आपल्याकडे आम्ही, आपण, दासी, हुजूर, सरकार, स्वारी असा सगळा सरंजाम तयार आहे. ‘स्वारींची तब्येत कशी आहे?’ या प्रश्नात जे अंतर आहे ते इंग्रजीला कधीच जमायचे नाही.

आणखी एक गंमत. आपण ज्या आवाजावर भाळतो तो बहुधा पडद्यावरच्या नटीचा नसतो. प्रांतोप्रांतीचे उच्चार, चित्रीकरणाच्या जागचा गोंगाट अशा कारणांनी अशा मालिकांत आवाज नंतर दुसऱ्याकडून भरून घेण्याचा प्रघात आहे. झेन ह्वानची भूमिका सुन ली हिने केली, पण आवाज जी ग्वानलिन या आवाज-कलावतीचा आहे.

---

घाईत

सर्वांचे मुद्दे मान्य आहेत, पण ८७ भाग? २०२० मध्ये तिथल्या प्रसारण खात्याने मालिका चाळीस भागांच्या आत आटोपाव्यात अशी सूचना काढली, तेव्हा मी मनोमन त्यांना दुवा दिला. निम्म्या प्रसंगांत राण्या चहाचा पेला उचलतात, झाकणाने पाने बाजूला सारतात आणि न पिताच खाली ठेवतात.

---

उंबरठा

घाईत, तो चहाचा पेला हेच त्यांचे शस्त्र आहे, असे शेवंतीताई म्हणतील आणि ते बरोबरही असेल. मला वेगळे खटकते.

या मालिकांत स्त्रियांचे पाय कधी पाहिलेत का? छिंगच्या आधीच्या मिंग काळातल्या उच्चकुलीन हान, म्हणजे बहुसंख्य चिनी समाजातल्या, स्त्रियांचे पाय लहानपणी बांधून, हाडे मोडून, आखूड केलेले असत. मिंग काळावरच्या मालिकांत मात्र नायिका छपरांवरून धावतात, घोड्यावर टांग टाकतात, गर्दीतून पळ काढतात. केसांतल्या फुलातले तंतू मोजणाऱ्यांना पाय कसे दिसत नाहीत? छिंग काळाच्या मालिका इतक्या सोयीच्या का ठरतात, याचे एक कारण मला हेच वाटते, की मांचू स्त्रिया पाय बांधत नसत. त्यांच्या पायांत मधोमध उंच ठोकळा असलेले, कुंडीच्या आकाराचे जोडे असत आणि ते पडद्यावर शोभून दिसतात.

दुसरे असे, की या साऱ्या गोष्टींत दुष्टावा बायकांच्या वाट्याला येतो. कोणी कोणाच्या मलमात कस्तुरी मिसळते, कोणी कोणाला विहिरीत ढकलते. पण ज्या व्यवस्थेत एका पुरुषासाठी इतक्या मुली आणून आठ पायऱ्यांच्या उतरंडीवर बसवल्या जातात, ती व्यवस्था भिंतीसारखी गृहीत असते. जानेवारी २०१९ मध्ये बीजिंगच्या एका सरकारी वृत्तपत्राने या मालिकांवर टीका केली, त्यानंतर काही वाहिन्यांवरून त्यांचे पुनःप्रक्षेपण बंद झाले. त्या टीकेचा रोख ऐषआरामाचा आणि कारस्थानांचा मोह पडतो, यावर होता. माझी तक्रार तिच्या बरोबर विरुद्ध टोकाची आहे. कारस्थाने जरूर दाखवावीत, पण ती मूळ मालकाच्या दारापर्यंत न्यावीत.

ते कसे करायचे, हे २००७ सालच्या ‘मिंग राजवंश १५६६’ने दाखवून दिले आहे. खजिना रिकामा आहे म्हणून झेजियांग प्रांतात भातशेती मोडून तुती लावायची, म्हणजे रेशीम वाढेल, असा फतवा निघतो. शेतकरी जमिनी विकत नाहीत, तेव्हा अधिकारी बांधच फोडतात. आणि सम्राट राजवाड्यात ताओपंथी साधना करत बसतो, प्रत्येक पापाची बातमी त्याला असते, पण सही कुठेच नसते.

---

शेवंती

उंबरठा, पायांचा मुद्दा मी निमूटपणे मान्य करते. इतक्या मालिका पाहिल्या, पण माझे कधी तिकडे लक्ष गेले नाही, याची थोडी लाजही वाटली.

सम्राटाला मोकळे सोडतात, हे मात्र ‘झेन ह्वान’च्या बाबतीत खरे नाही. तळटीप यांनी सांगितलेला तो धूप कोणी दिला? सम्राटानेच. न्येन राणी मरते ती हे कळल्यावर. आणि शेवटी आजारी सम्राटाच्या अंथरुणाशी बसून झेन ह्वान त्याला जे ऐकवते, ते ऐकतच तो मरतो. भिंत तशीच उभी राहते, कारण ती बाई ती पाडायला आलेलीच नसते. ती त्याच भिंतीच्या आत सर्वांत उंच आसनावर जाऊन बसते आणि तिथे तिला बोलायला कोणी उरलेले नसते. ‘१५६६’ मी पाहिली आहे आणि मला ती आवडली, पण तिच्यात बायका बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. न्याय मिळवायचा तर पुरुषांच्या मालिकेत जावे लागते आणि बायकांची बोलणी ऐकायची तर जनानखान्यात, अशी ही पंचाईत आहे.

तळटीप, न्येन राणीच्या चार मुलांविषयी मला माहिती नव्हती. यापुढे तो धुपाचा प्रसंग पूर्वीसारखा पाहता येणार नाही. तरीही बखरीची उपमा मी सोडत नाही. उलट सगळ्या बखरी एकाच बाजूच्या असत्या तर घात झाला असता; २०१८ मध्ये दोन आल्या, म्हणून तर नारा राणीविषयी आपण शोध घेतला.

द्विभाषी, ‘दासीला जमले नाही’ हे वाचून मी तो प्रसंग काल पुन्हा लावला आणि या वेळी फक्त कान देऊन ऐकला.

---

तळटीप

दोन बखरींचा मुद्दा मला विचार करायला लावणारा वाटला, म्हणून त्याला थोडी पुस्ती जोडतो. लिंग राणीचा मुलगा पुढे सम्राट झाला. १७९५ मध्ये त्याला वारस घोषित केले, तेव्हा वीस वर्षांपूर्वी वारलेल्या आईला सम्राज्ञीपद बहाल झाले आणि ती आज छियानलाँगच्याच समाधीत आहे. नारा राणीला मरणोत्तर किताब मिळाला नाही, स्वतःची समाधीही मिळाली नाही. दुसऱ्या एका राणीच्या थडग्यात तिची शवपेटी ठेवून दिली गेली. म्हणजे दरबाराचा कल आधीपासूनच लिंगच्या बाजूने होता आणि ‘यान्शी’ने तीच री पुढे ओढली. त्या दृष्टीने ‘रुयी’ ही निदान हरलेल्या बाजूची बखर ठरते, हे मला कबूल करावे लागेल.

ती मी पाहिलेली नाही. ८७ भागांपैकी कितव्या भागापासून सुरुवात केली तर चालेल?

---

शेवंती

पहिल्या.