क्रिप्टोत बुडालेला पैसा: तंटामुक्तीत मिटवायचा की ठाण्यात जायचं?

सेवाकेंद्रवाला (दारव्हा)

मंडळी, विषय आमच्या गावाचा आहे, पण असं गाव एकटं आमचंच नसणार म्हणून इथे मांडतो.

गेल्या कापसाच्या हंगामात गावात एक अ‍ॅप आलं. प्ले स्टोअरवर नव्हतं, व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकवरून उतरवायचं. आणणारा गावचाच मुलगा, पुण्याला काम करून परत आलेला. 'यूएसडीटीत (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो) पैसे लावा, रोज एक टक्का भेटते' हे त्याचं सांगणं. सुरुवातीला भेटलेही. ज्याने पाच हजार लावले त्याच्या खात्यात आठवड्याभरात थोडे परत आले, आणि ते बघून दुसऱ्याने कापसाचे, तिसऱ्याने पोरीच्या लग्नाला ठेवलेले लावले. मग पैसे काढायला गेलं की 'आधी वीस टक्के कर भरा' असं येऊ लागलं. काहींनी तोही फोनपेवरून भरला. त्यानंतर अ‍ॅप उघडेनासं झालं आणि टेलिग्रामवरचा ग्रुप उडाला.

आता गावातल्या जाणत्यांनी ठरवलंय की हे तंटामुक्ती समितीत मिटवायचं. मुलाच्या वडिलांनी ५०० च्या स्टॅम्पवर लिहून द्यायचं: सोयाबीन निघाल्यावर निम्मे, उरलेले पुढच्या दिवाळीपर्यंत. आणि बदल्यात कोणीही पोलिसांत जायचं नाही.

मला हे अजिबात पटलेलं नाही. पैसा त्या मुलाकडे नाहीच. त्याच्या बापाची चार एकर कोरडवाहू जमीन, त्यातून गावाचे पैसे फिटणार कसे? जो पैसा फोनपेवरून 'कर' म्हणून गेला तो कुठल्यातरी परराज्यातल्या भाड्याच्या खात्यांत गेला. ती खाती गोठवायला बँकेला पोलिसांचं पत्र लागतं, स्टॅम्प पेपर दाखवून कोणी गोठवत नाही. आणि तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली ती बांध, वाटणी, किरकोळ मारामाऱ्या गावातच मिटाव्यात म्हणून. परदेशात बसलेल्या टोळीशी तडजोड करायला ती नाही.

परवा एक काका केंद्रावर आले. 'माझ्याजवळ पुरावा काहीच नाही' म्हणाले. त्यांच्या फोनपेच्या जुन्या व्यवहारांत गेलो तर प्रत्येक पाठवणीखाली बारा अंकी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबर होता. गॅलरीत अ‍ॅपचा एक फोटो निघाला, त्यात पैसे टाकायचा पत्ता स्पष्ट दिसत होता, इंग्रजी 'टी'पासून सुरू होणारा चौतीस अक्षरांचा. म्हणजे ट्रॉन नावाच्या ब्लॉकचेनवरचा, क्रिप्टोचे व्यवहार नोंदणाऱ्या उघड्या वहीवरचा. तो पत्ता हातात असला की पैसा पुढे कुठकुठे गेला हे आजही कोणालाही बघता येतं. हा पुरावा नाही तर काय आहे? हे काका नवीन फोन घेणार होते आणि जुना दुकानदाराला देणार होते.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार आणि ठाण्यात लेखी अर्ज, तिन्ही करावं असं माझं म्हणणं आहे. तुमचं काय म्हणणं?

काळीमाती

भाऊ, तुमची कळकळ कळते. पण माझेही दीड लाख त्यात आहेत, म्हणून हक्कानं बोलतो.

गेनबिटकॉइन या बिटकॉइनच्या योजनेचं काय झालं ते पाहा. महिन्याला १० टक्के, १८ महिने, असं सांगून लोकांचे पैसे घेतले. मुख्य आरोपीला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये पकडलं. २०२२ मध्ये तो वारला. डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं देशभरचे गुन्हे सीबीआयकडे दिले. लोक अजून वाट पाहून राहिले. तिथं शहरातले, शिकलेले, वकील लावू शकणारे लोक होते. आपल्या कोरडवाहूवाल्याचा नंबर कधी लागायचा?

दुसरं, त्या पोराने बापाचेही पैसे त्यातच घातले. ठगच असता तर गावात राहिला असता काय? तो आज कोणाच्या नजरेला नजर देत नाही, जेवत नाही. आपल्या जिल्ह्यात कर्जाच्या आणि बदनामीच्या ओझ्यानं काय होते हे तुम्हाला सांगायची गरज नाही. उद्या पोलीस गाडी घेऊन दारात आले आणि पोराने काही करून घेतलं, तर ते पाप कोणाच्या माथी?

स्टॅम्पवर चाळीस टक्के जरी निघाले तरी ते हातात आहेत. पदरात पडते ते पाडून घ्या.

गटाची ताई

मी लिवत नाही इथं, वाचतो फक्त. पन आज लिवतो.

त्या बैठकीत बायांले बोलावलं काय कोनी? त्या स्टॅम्पवर नावं कोनाकोनाचे हायेत? सारे मानसाचे. आमच्या गटातल्या बायांनं पैसे देल्ले ते रोखीनं, त्या पोराच्या घरी नेऊन देल्ले. पावती नाही, फोनपे नाही. अर्ध्या जनींच्या घरी तर अजून मालूम नाही. आनि ते पैसे घरात पडून नव्हते, कंपनीचं कर्ज उचललं होतं. आठवड्याले हप्ता हाय. हप्तेवाला दारात येऊन बसते तवा दिवाळीचा वायदा दाखवू काय त्याले?

काळीमाती भाऊ, तुमाले चाळीस टक्के भेटतीन बी, कावून का तुमी समितीत बसता. आमचं नाव त्या कागदावर नाही त आमाले काय भेटीन?

संत्रेवाला (वरूड)

एक शंका आहे. क्रिप्टोच बेकायदा आहे ना आपल्याकडे? मग तक्रार करायला गेलं तर पोलीस आपल्यालाच धरतील. आमच्याकडे एक जण म्हणत होता की अशा साखळी योजनेत नाव घातलं तरी गुन्हा लागतो. त्याच भीतीने लोक गप्प आहेत.

अ‍ॅड. वऱ्हाडकर (अमरावती)

या भीतीपायी लोक सगळ्यात जास्त नुकसान करून घेतात, म्हणून सविस्तर लिहिते.

क्रिप्टो बाळगणं गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना घातलेली मनाई सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्ये रद्द केली. २०२२ पासून सरकार त्याच्या नफ्यावर ३० टक्के कर घेतं. ते चलन म्हणून मान्य नाही, एवढंच. आणि 'पैसे काढण्याआधी आमच्याकडे कर भरा' असं सरकारचा कुठलाच कर नसतो. ती मागणी हीच फसवणुकीची खूण आहे, अर्जात ती ठळक लिहा.

साखळीचं म्हणाल तर भीती अगदीच निराधार नाही. १९७८ चा पैसा-साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा आहे, त्याच्या कलम ३ मध्ये योजना चालवणाऱ्याबरोबर सभासद होणाराही येतो. पण मी पाहिलेल्या प्रकरणांत पोलिसांचा रोख पैसे गोळा करणाऱ्यांवर आणि माणसं जोडून कमिशन खाणाऱ्यांवर असतो. ज्याचे नुसते पैसे गेले तो फिर्यादी किंवा साक्षीदार म्हणूनच पुढे येतो. ज्याने स्वतःखाली माणसं जोडली असतील त्याने मात्र आधी वकिलाशी बोलावं, लपवू नये.

त्या स्टॅम्पबद्दल. 'पैसे परत देतो, तुम्ही तक्रार करू नका' हा करार कायद्याने टिकत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ मध्ये जवळजवळ असंच उदाहरण दिलेलं आहे: खटला सोडून देण्याच्या बोलीवर घेतलेल्या मालाची किंमत परत करण्याचं वचन, आणि तो करार निरर्थक. उद्या वडिलांनी पैसे दिले नाहीत तर त्या कागदाच्या जोरावर काहीच करता येणार नाही. उलट, फसवणुकीचा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने आपसात मिटवता येतो. म्हणजे आधी तक्रार, मग तडजोड, हा रस्ता उघडा आहे. काळीमाती यांना तडजोड हवी असेल तर ती टिकायलाही आधी गुन्हा नोंदवावाच लागेल.

पण सेवाकेंद्रवाल्यांशीही माझं थोडं वाजणार आहे. १९३० ची खरी ताकद पहिल्या काही तासांत. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी बँका तो अडवतात. सात-आठ महिन्यांनी फोन करून पैसे अडतील अशी आशा गावाला लावू नका. आणि पोर्टलवरच्या तक्रारीची पोच म्हणजे एफआयआर नव्हे. लोक ती पोच लॅमिनेट करून घरी ठेवतात आणि वर्षभर वाट बघतात. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तरीही नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हा सगळा क्रम आहे.

मोताळ्याचा पुणेकर

'बिचारा पोरगा' हे मला मान्य नाही. या अ‍ॅपमध्ये 'टीम' नावाचं पान असतं. खाली किती माणसं, त्यांनी किती टाकले, त्यातलं वरच्याला किती मिळालं, सगळं दिसतं. बापाचे पैसे त्याने घातले असतील, पण गावाच्या पैशावर रोज कमिशनही घेतलं असेल. नवी मोटरसायकल कधी आली, ते विचारा. मुद्दाम फसवलं की स्वतः फसला हे ठरवायचं काम समितीचं नाही, तपासाचं आहे.

सेवाकेंद्रवाला

ताई, रोखीचं तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे, आणि मी सुरुवातीला तिकडे लक्षच दिलं नाही. रोख दिली तरी पुरावा असतो. गटाच्या वहीत कर्ज उचलल्याची तारीख, बँकेतून काढल्याची नोंद, त्याच दिवशी तुमच्या नावाने अ‍ॅपमध्ये वाढलेली रक्कम. बरोबर गेलेल्या बाईचा जबाब.

वकील मॅडम, १९३० बद्दल मान्य. पण काही जणांनी 'कर' गेल्याच महिन्यात भरलाय. ती रक्कम त्या मानाने ताजी आहे, त्यांनी आजच फोन करावा.

काळीमाती भाऊ, गेनबिटकॉइनवाल्यांना वाट बघावी लागली हे खरं. पण उद्या जप्तीतून काही वाटायची वेळ आली तर यादीत नाव कोणाचं असेल? ज्याने फिर्याद किंवा जबाब दिला त्याचं. आपल्या राज्यात ठेवीदारांसाठी १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे, पोलिसांनी तो लावला तर मालमत्ता जप्त करून विशेष न्यायालयामार्फत वाटप होतं. ज्याचं नाव कुठेच नाही त्याच्यासाठी कोणी थांबत नाही.

भोळा गडी

टेलिग्रामवर एकाचा मेसेज आला. म्हणते, मी सायबरवाला आहे, वॉलेटमधून पैसे काढून देतो, १५ टक्के आधी टाका. दोघाजणांनी विचारलं त्याला. करावं का?

बँकेतला

नाही, नाही, नाही. तुमचे नंबर त्याच टोळीने विकलेले असतात. ब्लॉकचेनवर झालेला व्यवहार कोणालाही उलटा फिरवता येत नाही, अगदी पोलिसांनाही नाही. फार तर क्रिप्टोची खरेदी-विक्री जिथे होते ते एक्स्चेंज किंवा यूएसडीटी जारी करणारी कंपनी तपास यंत्रणेच्या मागणीवरून ते पैसे गोठवू शकते. 'हॅक करून काढतो' म्हणणारा शंभर टक्के दुसरा ठग. ते दोघे कोण आहेत त्यांना आत्ता, झोपायच्या आधी फोन करा. आणि त्या मेसेजचा फोटो काढून तक्रारीला जोडा.

काळीमाती

वकील मॅडमचं स्टॅम्पचं म्हणणं मला माहीत नव्हतं. समितीत सांगतो. तो कागद तसा होणार नाही.

पण पोराविरुद्ध अर्जावर मी सही करणार नाही. त्याला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. तुम्ही लोक कायद्याचं बोलता, बरोबर बोलता, पण उद्या त्याच्या मायसमोर मले राहायचं आहे. गाव म्हणजे रोजचं तोंड पाहणं आहे.

अ‍ॅड. वऱ्हाडकर

मग त्याच्याविरुद्ध लिहूच नका. अर्जात 'त्याने ठगवलं' असं न लिहिता फक्त घडलं ते लिहा: अमुक तारखेला अमुक रक्कम अमुकच्या हातात दिली, त्याने अमुक पत्त्यावर टाकल्याचं सांगितलं. आरोपी की साक्षीदार, ते तपासात ठरेल. खरंच फसला असेल तर त्याने स्वतः सगळ्यांच्या आधी ठाण्यात जाऊन माहिती द्यावी, त्याच्या हिताचं तेच आहे. त्याच्या वॉलेटचा इतिहास त्याच्याच फोनमध्ये आहे. तो फोन फॉरमॅट झाला किंवा विकला गेला तर पुरावा नष्ट केल्याचं बालंट त्याच्यावर येईल.

आणि तुम्ही लिहिलंत, तो जेवत नाही. त्याला एकट्याला ठेवू नका. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं, फुकट आहे. तक्रार करणं आणि त्याचा जीव जपणं, दोन्ही एकाच वेळी करता येतं.

काळीमाती

हे करतो. आज रात्री त्याच्या घरी जातो. फोन विकू देत नाही आणि त्याला घेऊन मीच ठाण्यात जाईन, तो तयार झाला तर. सहीचं माझं म्हणणं कायम आहे.

गटाची ताई

वकील ताई, एक इचारतो. पोलीस जबाब घ्याले घरी येतेत काय? घरी आले त साऱ्या गावाले माहीत होते.

अ‍ॅड. वऱ्हाडकर

साक्षीदार बाईला पोलीस ठाण्यात बोलावू शकत नाहीत, तिच्या राहत्या ठिकाणी जाऊन जबाब घ्यावा लागतो. ते तुमच्या सोयीसाठी आहे. तुम्हाला घरी नको असेल आणि स्वतःहून ठाण्यात यायची तयारी असेल तर तसंही चालतं, नव्या संहितेच्या कलम १७९ मध्ये ते लिहिलंय. जबाब महिला पोलिसाने घ्यावा अशी मागणी अर्जातच करा. घरी सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हे प्रत्येकीने स्वतः ठरवावं.

गटाची ताई

मंग घरी नको. आमी ठान्यातच येतो. बाजाराच्या दिवशी बाया तशा बी दारव्ह्याले जातेतच. सेवाकेंद्रवाले भाऊ, अर्ज मराठीत लिवून ठेवा, एकीचा एक, आनि वाचून दाखवा. आंगठा नाही देनार कोनी, साऱ्याजनी सही करतेत.