मराठी रेमिंग्टनसाठी मेकॅनिकल कीबोर्ड: निळा, लाल की तपकिरी? (काना डबल पडून राहिला)

कानामात्रा

नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यात माझं टायपिंगचं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म हे सगळं आहेच, पण घर चालते ते टायपिंगवर. शपथपत्रं, वारस नोंदीचे अर्ज, मक्त्याचे करारनामे, कधी ग्रामसभेचा ठराव. कामाच्या दिवसात सहा-सात तास बोटं चालूच असतात. फॉन्ट कृतिदेव, लेआउट रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाइपरायटरचीच कळांची मांडणी. शिकलो गोदरेजच्या टाइपरायटर मशीनवर, चार-चार कार्बन लावून, त्यामुळे हात जड आहे हे आधीच कबूल करतो. बायको म्हणते तुम्ही टाइप नाही करत, कांडता.

साधे रबरवाले कीबोर्ड माझ्याकडे आठ-दहा महिन्यांच्या वर टिकत नाहीत. आणि दर वेळी मरते ती एकच कळ, 'के'. रेमिंग्टनवाल्यांना सांगायला नको, तिथं काना आहे. बाकी अख्खा कीबोर्ड नवाकोरा दिसते आणि त्या एका कळीला बोटाचा खड्डा.

मागच्या दिवाळीला पुण्याच्या भाच्यानं त्याचा जुना मेकॅनिकल कीबोर्ड दिला, निळ्या स्विचचा. यात रबराऐवजी प्रत्येक कळीखाली वेगळा स्विच असते. बसल्याबरोबर वाटलं, मशीनवर परत आलो. कळ अर्ध्यात जाते न जाते तोच टक्. अक्षर पडल्याचा निरोप बोटाला तिथंच मिळते. वेग वाढला असं नाही म्हणत, पण चुका कमी झाल्या. माझी नजर डावीकडच्या कागदावर असते, स्क्रीनवर नाही. मला डोळ्यांपेक्षा बोटानं कळलेलं बरं.

पण तीन भानगडी आहेत.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, मध्ये फक्त पडदा. रात्री काम घेतलं की आईची झोप मोडते. (गिऱ्हाइकाला मात्र हाच आवाज आवडते. एक आजोबा खुर्चीवर बसून म्हणाले, "आता कसं काम होऊन रायल्यावानी वाटते!" रबरवाल्या कीबोर्डवर त्यांना वाटायचं मी नुसताच बसलो आहे.)

दुसरं म्हणजे सात महिन्यांत काना डबल पडायला लागला. मागच्या आठवड्यात 'वारसाचा' लिहिलं आणि कान्यापुढं आणखी एक काठी. स्क्रीनवर दिसली नाही, थेट स्टॅम्प पेपरवर छापून आली. तो कागद माझ्या खिशातून गेला.

तिसरं, आमच्याकडची हवा. समोरून जिनिंगला कापसाच्या गाड्या जातात. कीबोर्ड उलटा करून झटकला तर त्यातून वात वळता येईल एवढी रुई निघते. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढं, कूलर दिवसभर, आणि पाणी आमच्या पट्ट्यातलं खारं. कूलरच्या जाळीवर पांढरा थर चढते. तोच दमट वारा कीबोर्डवर.

भाचा म्हणते लाल घ्या. अमरावतीला एका दुकानात दाबून पाहिला. लोण्यात बोट गेल्यासारखं! माझी बोटं कळांवर टेकलेली असतात, तेवढ्यानंच दोन-तीन अक्षरं पडली. मग घ्यावं काय? बजेट तीन हजार, ओढूनताणून साडेतीन.

रेशीमबाग_अभियंता

दादा, रंगांचा घोळ आधी सोडवतो. हे रंग जर्मनीच्या चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचचे. पेटंटची मुदत संपल्यावर गेटेरॉन, काइल, आउटेमू या चिनी कंपन्यांनी तेच रंग उचलले, त्यामुळे रंगावरून जात कळते, दर्जा नाही.

लाल सरळ खाली जातो, मध्ये काही लागत नाही. साधारण ४५ ग्रॅमचा दाब, २ मिलिमीटरवर अक्षर पडतं, ४ मिलिमीटरवर तळ. तपकिरीत वाटेत एक छोटा उंचवटा बोटाला लागतो, दाब ५५ च्या आसपास, आवाज मुद्दाम केलेला नाही. निळ्यात उंचवटाही आहे आणि टक् ही आहे, दाब ६०. त्याच्या दांड्याला एक वेगळं सरकतं कडं असतं, ते उंचवट्यावरून सुटून खाली आपटतं तोच तुमच्या आजोबांचा आवडता आवाज. काळा नावाचाही एक असतो, लालसारखाच सरळ पण ६० ग्रॅमचा. जड हाताला तो चालतो, पण तुम्हाला 'निरोप' हवाय, तो काळ्यात मिळणार नाही.

काना डबल का पडतो? आत धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात तेव्हा अक्षर पडतं. टेकताना त्या क्षणभर थरथरतात. कीबोर्डमधली चिप तेवढे काही मिलिसेकंद थांबते आणि मग एकच दाब मोजते. पट्टीवर मळ किंवा खार बसला की थरथर लांबते, चिपचा संयम संपतो आणि एका दाबाचे दोन होतात. तुमच्या हवेत हे होणारच.

म्हणून माझं मत: तपकिरी घ्या, पण हॉट-स्वॅप बोर्डवर. त्यात स्विच सोल्डरिंगचा डाग न देता चिमट्यानं उपटून बदलता येतो. पंच्याहत्तर टक्के आकाराचे छान छोटे बोर्ड मिळतात, टेबलावर जागाही उरते.

वऱ्हाडी_पोट्टा

काकाजी, लालच घ्या ना बाप्पा! मी अकोटले राहतो, रातभर गेम खेळतो, बाजूच्या खोलीत बाबा झोपले रायते, त्याईले पत्ताबी नाही लागत. तपकिरी म्हणजे लालमंदी कचरा गेल्यावानी लागते, धड मऊ नाही धड कडक नाही. पैसे देऊन खडा कायले विकत घ्याचा?

आन् निळ्याचा आवाज कमी कराले कळांच्या टोप्यांखाली रबराच्या रिंगा टाकू नका. म्या टाकून पाह्यल्या. कळ तळाले आपटते तो आवाज मरते, टक् काही मरत नाही. निस्ते पैसे गेले.

चाळीसचा_वेग

रेशीमबागवाले, त्यांनी कृतिदेव लिहिलंय ते वाचलं नाही वाटतं. कृतिदेवमध्ये कितीतरी चिन्हं ऑल्ट दाबून नंबरपॅडवर आकडे मारल्याशिवाय निघत नाहीत. नंबरपॅड नसलेला बोर्ड यांच्या कामाचा नाही. १०४ कळांचाच घ्यायचा.

मी वर्धा जिल्ह्यात टायपिंग इन्स्टिट्यूट चालवते. आधी मशीन होत्या, आता जीसीसी-टीबीसी या सरकारी टायपिंग परीक्षेचे, मराठी मिनिटाला ३० आणि ४० शब्दांचे विद्यार्थी आहेत. काना आधी का मरतो ते मी पोरांना पहिल्याच आठवड्यात दाखवते. मशीनवर कळा मोजक्या, म्हणून ख, घ, थ, ध, भ, ण, श ही अक्षरं अर्धी ठेवली आणि काना जोडून ती पुरी करायची पद्धत पडली. ओकारातही काना येतो, वर मात्रा. तीच मांडणी पुढं कॉम्प्युटरवर आली. आता 'वारसाचा दाखला' एवढंच टाइप करा आणि मोजा. स्पेस धरून १४ ठोके, त्यातले ६ कान्याचे, कारण 'ख'मध्येही एक लपलेला आहे. उजव्या हाताचं मधलं बोट दिवसभर एकाच जागी कांडत असतं. इंग्रजी टाइप करणाऱ्यासाठी बनवलेल्या कीबोर्डला हे ठाऊक नसतं.

इनस्क्रिप्ट या दुसऱ्या, सरकारी लेआउटमध्ये ही भानगड नाही. तिथं 'ख' शिफ्ट धरून एका दाबात पडतो आणि काना डाव्या हाताला, 'ई'वर आहे. पण इतकी वर्षं हात बसलेल्या माणसाला मी लेआउट बदला म्हणणार नाही. माझाच बदलला नाही.

आता तुमच्या हाताबद्दल, भाऊ. मशीनवर ठोका द्यावाच लागायचा, नाहीतर चौथ्या कार्बनवर भुरकं उमटायचं. इथं कार्बन नाही. अक्षर अर्ध्या वाटेतच पडलेलं असतं, पुढचे दोन मिलिमीटर तुम्ही फुकट हाणता. तपकिरीचा उंचवटा लागला की बोट मागं घ्यायचं. पंधरा दिवस त्रास होईल, मनगट दुखायचं थांबेल. दुखतं ना? तुम्ही लिहिलं नाही, पण दुखत असणार.

धुळीसाठी काइलचे बॉक्स स्विच पाहा. त्यात पट्ट्यांचा भाग एका छोट्या डबीत बंद असतो, कंपनी त्याला आयपी५६ म्हणते, म्हणजे धूळ आणि पाण्याचे शिंतोडे. माझ्या घरी बॉक्स तपकिरी आहे. सगळा बोर्ड त्याचा नाही परवडला तरी निदान कान्याला तो लावा.

एक सावधगिरी. स्वस्तातल्या काही हॉट-स्वॅप बोर्डांची भोकं बारीक असतात, त्यात फक्त आउटेमूच्या बारीक पायांचे स्विच बसतात. दुसरे दाबून बसवायला गेलात तर पाय वाकतील. घेण्याआधी दुकानदाराला हेच एक विचारा. पाच पायांचा स्विच आला तर घाबरू नका, प्लास्टिकचे दोन जास्तीचे पाय नेलकटरनं कापता येतात.

कानामात्रा

मॅडम, मनगट दुखते. इथं लिहायची लाज वाटली होती.

१०४ कळांचा, हॉट-स्वॅप, तपकिरी, वायरवाला असा एक पाहून ठेवला आहे. दुकानदार म्हणते कोणत्याही कंपनीचा स्विच बसतो. साडेतीनच्या थोडा वर जाते. पोट्ट्या, तुझा सल्ला चुकीचा नाही, पण तुझी बोटं गेमवाली, कळेवर झेप घेणारी. माझी कळेवर बसून राहणारी. लाल मला नाही झेपत.

रेशीमबाग_अभियंता

नंबरपॅडचं खरंच लक्षात आलं नाही, चूक मान्य. प्रायश्चित्त म्हणून माझ्याकडे पडलेले तीन निळे आणि दोन बॉक्स तपकिरी स्विच पाठवतो. अमरावतीपर्यंत एसटीच्या पार्सलनं टाकू का?

वऱ्हाडी_पोट्टा

मंग एक निळा कान्याले लावजा काकाजी. जो जास्त मेहनत करते त्याचाच आवाज आला पाह्यजे!

कानामात्रा (महिनाभरानं)

सांगायचं राहून गेलं होतं. सोयाबीन आलं, मग कर्जाचे कागद, गर्दी होती.

पार्सल मिळालं, अमरावतीहून गावातल्या एका पोरानं आणून दिलं. अभियंता साहेब, आभार. बोर्डही आला.

पहिला आठवडा तपकिरी फिका वाटला. खरं सांगतो, परत करायचा विचार होता. निळ्यावर टक् ऐकू यायचं, इथं बोटाला नुसतं कोणी हळूच टोकल्यासारखं होते, आणि माझ्या कांडण्यात ते टोकणं कळतच नव्हतं. मॅडमनी सांगितलं तसं बोट मागं घ्यायची सवय लावली. त्यासाठी जुनी पद्धत काढली. इन्स्टिट्यूटमध्ये सर हातांवर रुमाल टाकायचे, तसा मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी हातांवर दुपट्टा टाकून एक पान मारलं. नवव्या-दहाव्या दिवशी उंचवटा लागायला लागला. आता बाहेरून आवाज पावसाची भुरभुर असल्यासारखा येते. मनगटाचं दुखणं गेलं नाही, पण संध्याकाळी तेल लावायची वेळ रोज येत नाही.

पोट्ट्याचं ऐकून कान्याला निळा लावला होता. एक रात्र टिकला. बाकी सगळं शांत आणि मधूनच टक्, टक्-टक्, टक्. आतून आई म्हणाली, "पाल चुकचुकून रायली का रे? पाहाय बरं, कोणतं अशुभ बोलला तू?" उठून रात्रीच काढला. कान्याला आता बॉक्स तपकिरी आहे. एक महिन्यात एकदाही डबल पडला नाही, पण खरी परीक्षा जिनिंग सुरू झाल्यावर आणि पुढं कूलर लागल्यावर होईल. दुसरा बॉक्स स्विच खडूच्या डबीत जपून ठेवला आहे.

टोप्या उपटायचा चिमटा सोबत आला, तो सगळ्यात कामाचा. दर रविवारी टोप्या काढून रंगाचा बारीक ब्रश फिरवतो. पहिल्या रविवारी स्पेसबारखाली तीळ सापडले, रेवडीचे असावेत.

निळा वाया नाही घालवला. एंटरला लावला. मशीनवर ओळ संपत आली की घंटी वाजायची, तेवढाच एक आवाज असू द्यावा म्हटलं. एंटर परिच्छेदालाच मारतो, आईला चालते.

परवा ते आजोबा परत आले, मुलाच्या मक्त्याचा करारनामा घेऊन. खुर्चीवर बसले, अर्धं पान झालं, तरी माझ्याकडं पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "लाइन नाही का? सुरू कर ना बाबू." मी म्हटलं सुरूच आहे आजोबा, आणि परिच्छेद संपला म्हणून एंटर मारला. टक्.

"हां," ते म्हणाले, "आता झालं सुरू."

चाळीसचा_वेग

जिनिंग सुरू झाल्यावर कान्याचं काय झालं ते कळवा. आणि तो दुसरा स्विच खडूच्या डबीत ठेवू नका, त्यात खडूची भुकटी असते.