काजू कारखान्यातली मजुरी: या तडजोडीवर सही करावी का?

सोलणीवाली: वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखान्यात आम्ही बायका किलोवर गर सोलतो. किमान वेतनाच्या फरकासाठी दावा चालू आहे. आता मालकाने तडजोड पुढे केलीय. फरकाची निम्मी रक्कम घ्या, लोकअदालतीत पुरशीस (तडजोड मान्य असल्याचं लेखी निवेदन) द्या आणि 'यापुढे मजुरीबाबत कसलीही मागणी करणार नाही' असं लिहून द्या. माझी हरकत आहे. गर नीट वाळलेला नसला की साल सुटत नाही, दिवसभर बसूनही किलो भरत नाहीत. त्या दिवसाचं नुकसान आमच्याच पदरात. आमचा दावा १९४८ च्या किमान वेतन कायद्याखालचा, तो २०२५ पर्यंत लागू होता. त्याचं कलम १७ सांगत होतं की, रोजाचा किमान दर ठरलेला असेल तर किलोवर काम करणाऱ्यालाही त्याहून कमी देता येत नाही.

काजूबागायतदार: कायदा पाठ आहे, बाजार नाही! अर्धी बी आफ्रिकेतून आणायची, वर व्हिएतनामच्या गराशी स्पर्धा. ताणलंत तर शटर खाली.

सोलणीवाली: बी महाग झाली तर आफ्रिकेतल्या व्यापाऱ्याला निम्मे देता का हो? १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरी म्हणजे वेठबिगारच म्हटलंय.

आकेरीची मावशी: बाये, तुझा खरा. पण गणपती तोंडार इले. माका पैशे आता व्हये. निकाल लागापर्यंत मी रवतलंय काय?

तारीखपेतारीख: मावशींशी सहमत. मस्टर मालकाकडे, किलोच्या चिठ्ठ्या कोणी जपल्या नाहीत. पुरावा लंगडा असताना निम्मे हातात पडतायत हे थोडं नाही. आणि 'यापुढे मागणी नाही' या ओळीला कशाला घाबरता? तुमचा दावा ज्या जुन्या कायद्याखाली आहे, त्याच्या कलम २५ प्रमाणे किमान वेतनाचा हक्क सोडणारा करार रद्दबातलच असतो.

सोलणीवाली: रद्दबातल आहे तर मग मसुद्यात कशाला? उद्या कोणी मागायला गेली की तोच कागद नाचवतील, आणि बाई घाबरून परत फिरेल. शिवाय लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, हेही बायकांना कोणी सांगितलेलं नाही. हंगामापुरत्या येणाऱ्या बायकांची तर दाव्याच्या यादीत नावंच नाहीत. नव्याने अर्ज करायला सहा महिन्यांची मुदत होती, ती कधीच उलटली. उशीर माफ होतो, पण कारण पटवावं लागतं. त्यांना कोण वकील देणार?

तारीखपेतारीख: यादीचा मुद्दा बरोबर. तो वकिलांकडे लेखी द्या, पुरशीस पडायच्या आत. पण लोकअदालतीत दोन्ही बाजूंची संमती लागते. तुम्ही अडलात की प्रकरण परत कोर्टात, पुढची तारीख कधी लागेल ती लागेल.

आकेरीची मावशी: ती वळ काढून टाका आणि त्या पोरींची नावा घाला. मग मी सही करतंय. निम्मे तर निम्मे.

सोलणीवाली: मावशी, ओळ गेली आणि नावं आली तर तुमच्या सहीला मी आड येणार नाही. माझी मात्र निम्म्यावर होणार नाही.